न पाखडलेली ज्वारी

शकुबाई : परत मोज.

हरीश : तीनदा मोजल्या, आई. नऊच आहेत.

शकुबाई : म्या दहा टाकल्या व्हत्या. कोठीत ज्वारी भरली तवा ह्याच हातानं दहा गोळ्या फडक्यात बांधून मधोमध पुरल्या. कीड लागू नये म्हनून दरसाल टाकते, आन दळण काढायच्या आधी मोजून काढते. आजवर एक बी कमी भरली न्हाई.

हरीश : फडकं जुनं होतं. विरलेलं. गाठ सुटली असेल आणि गोळ्या ज्वारीत पांगल्या असतील.

शकुबाई : पांगल्या ते दिसूनच राहिलं. पन पांगलेली गोळी कोठीतच ऱ्हायला पायजे ना? कोठी उपडी केली, तळ झाडला. समदी ज्वारी अंगनात पसरून बोटानं चाचपली. नऊ सापडल्या. मंग धावी कुठं गेली?

हरीश : एखाद्या भेगेत...

शकुबाई : पत्र्याच्या कोठीला कसली भेग? आता एकच जागा राहिली. ह्या शेकायच्या तीस पिशव्या. ह्यांच्यात बी त्याच कोठीतली ज्वारी हाय.

हरीश : त्यांच्यात नाही, आई.

शकुबाई : तुला काय ठाऊक? दोन महिन्यांपूर्वी तूच सांगत व्हता ना, गोळी पाऱ्याची असती म्हनून?

हरीश : हो. पारा तापला की त्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही. माणूस ती श्वासात घेतो आणि त्याला कळतही नाही.

शकुबाई : आन ह्या पिशव्या तापवायसाठीच शिवल्या. उद्या सिद्धेश्वरला मधुवंती मॅडमच्या गुडघेदुखीच्या शिबिरात चाळीस-पन्नास म्हाताऱ्या येनार. मॅडम त्या मायक्रोवेव्ह मशीनमंदी पिशवी तापवनार, बाईच्या गुडघ्यावर ठेवनार, आन बाई म्हननार, लई बरं वाटलं. ब्लेड दे इकडं.

हरीश : ब्लेड कशाला?

शकुबाई : उसवते. तीसच्या तीस.

हरीश : नको.

शकुबाई : काहून नको? पाच वाजता जीप हाय. तवर जेवढ्या व्हतील तेवढ्या.

हरीश : तू ज्वारी निवडली होतीस. एकेक सूप तीनदा पाखडलंस, मग ताटात घेऊन दाणा न् दाणा पाहिलास. मी समोर बसलो होतो.

शकुबाई : पाखडलं. पन पाखडायला हात लागतो, पाहायला डोळा लागतो. ह्या उजव्याचं आपरेशन झालं, डावा तर अजून दुधावानी हाय. ब्लेड दे म्हनते ना!

हरीश : घे.

शकुबाई : ही पयली. जास्वंदाच्या छापाची. बघ, किती बारीक टाका आला व्हता. समदं सुती. मॅडम म्हनल्या, जरीचा एक धागा बी नको, मशीनमंदी ठिणगी उडती. म्या कापड उन्हात धरून पाहिलं, एकेक धागा. आपल्या घरात ती मशीन न्हाई, म्या ती जन्मात एकदा पाहिली, तरी तिच्यासाठी एवढं जपलं.

हरीश : आई...

शकुबाई : धर ते ताट. पयला कप्पा. न्हाई. दुसरा. न्हाई. तिसरा. चवथा. काही न्हाई, ज्वारी आन ओवा. ठेव बाजूला. दुसरी दे.

हरीश : थोडं थांबू या का?

शकुबाई : कोनासाठी थांबायचं? दुसरी बी रिकामीच. तिसरी दे. तू असा काहून बसला? शिव्या तरी दे मला. तुझी म्हातारी आंधळी झाली म्हन.

हरीश : मी असं कधी म्हणणार नाही.

शकुबाई : तू कधीच काही म्हनत न्हाईस. हाच तर तरास हाय. लहानपनी पायात काटा मोडला तर तीन दिवस लंगडत हिंडायचा, पन सांगायचा न्हाई. तिसरीत बी न्हाई. चवथी दे.

हरीश : आई, जपून. ब्लेडनं बोट कापेल.

शकुबाई : कापू दे. चवथीत बी न्हाई, पाचवी दे. हे बघ, ही उसवून झाली की मॅडमला फोन लाव. म्हन, शकुबाईला आता दिसत न्हाई. पुढच्या शंभर पिशव्यांचं काम दुसऱ्या कोनाला द्या.

हरीश : असं का बोलतेस?

शकुबाई : बोलायचं तेच बोलते. वाटाण्याएवढी गोळी ज्या बाईला दिसत न्हाई तिनं सुई धरू नये. सत्तावीस वर्सं गोरेगावात शिवलं. झंपर शिवले, लेकरांची अंगडी-टोपडी शिवली. आता रेडिमेडनं ते समदं गेलं. म्या म्हनलं, ह्या पिशव्यांनी तरी मशीन चालू राहील. न्हाई तर न्हाई. पाचवी दे.

हरीश : ब्लेड खाली ठेव.

शकुबाई : दे म्हनते ना सहावी!

हरीश : सहावी उसवू नकोस. पाच झाल्या, पुरे. आई, माझ्याकडे बघ. तुझ्या डोळ्यांतून काही सुटलेलं नाही.

शकुबाई : मंग?

हरीश : पिशव्या तीस नव्हत्या. एकतीस होत्या.

शकुबाई : काय म्हनला?

हरीश : पहिली मी शिवली. तू शिरड शहापूरला मावशीकडे गेली होतीस, तेव्हा. तीन दुपारी लागल्या मला. चार कप्पे तिरपे आले, पण आले.

शकुबाई : तरीच. आल्यावर मशीनच्या बॉबिनला निळा दोरा दिसला. म्या तर पांढराच सोडून गेले व्हते. म्हनलं, आपल्यालाच आठवत नसंल.

हरीश : आपली पहिली पिशवी कशी होते ते पाहावं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हतं.

शकुबाई : ज्वारी पाखडली व्हती का?

हरीश : नाही.

शकुबाई : काहून न्हाई? सूप तर खुंटीलाच व्हतं.

हरीश : सूप वाजतं, आई. बाबा ओसरीवर पडले होते. त्यांनी विचारलं असतं, काय चाललंय म्हणून. मी कोठीत पेला बुडवला आणि सरळ पिशवीत ओतला. चार पेले. आतलं काही पाहिलंच नाही.

शकुबाई : आन म्या हितं पाच पिशव्या उसवल्या. तू पाहून राहिला.

हरीश : हो.

शकुबाई : माझ्या डोळ्यावर म्या बोल घेतला, तरी पाहून राहिला.

हरीश : हो. प्रत्येक पिशवीला वाटायचं, यातच सापडेल, आणि मला सांगावं लागणार नाही.

शकुबाई : कोनाकडं हाय ती?

हरीश : हिंगोलीला आहे. मी जातो त्या अभ्यासिकेत.

शकुबाई : अभ्यासिकेचे का गुडघे दुखतात? मानसाचं नाव सांग.

हरीश : जाई.

शकुबाई : कोन जाई?

हरीश : दाराशी बसते. हजेरीची वही सांभाळते. वडील औंढ्याला देवळात पूजेला असतात, आणि ती हिंगोलीला नोकरी करून पुढचं शिकते. दिवसभर लाकडी खुर्चीवर बसून पाठ भरून येते, असं ती कुणाला तरी सांगत होती. मी पायऱ्यांवर होतो. ऐकलं.

शकुबाई : ती तुला म्हनली का, पिशवी शिवून दे?

हरीश : ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे, ‘इथे सही करा’ एवढं म्हणते.

शकुबाई : किती दिसांपासून?

हरीश : एक वर्ष आणि सात महिने.

शकुबाई : आरं देवा. तुझा बाप एवढा मुखदुर्बळ, पन त्यानं बी लग्नाच्या आधी माझ्या दारात येऊन दोनदा पानी मागितलं व्हतं. पिशवी कधी दिली?

हरीश : बारा दिवस झाले. ती जेवायला गेली होती तेव्हा खुर्चीवर ठेवली. सोबत चिठ्ठी होती. ‘दीड मिनिट तापवावी. पाठीला आराम पडेल.’

शकुबाई : खाली नाव?

हरीश : घातलं नाही.

शकुबाई : बारा दीस. म्हंजे बारा दिसांपासून ती पोरगी... फोन लाव.

हरीश : लावतो. पण आधी काय बोलायचं ते...

शकुबाई : नंबर हाय का न्हाई?

हरीश : आहे. अभ्यासिकेच्या पाटीवर तिचाच आहे. दीड वर्षापासून पाठ आहे मला.

शकुबाई : मंग बोटं काहून अडून राहिली?

हरीश : आई, बारा दिवस मी रात्री दिवा मालवताना विचार करायचो, की या क्षणी तिच्या पाठीशी आपल्या शेताची थोडी ऊब असेल. मला तेवढंच पुरत होतं. आणि तिच्या पाठीशी मी काय ठेवलंय ते मलाच ठाऊक नव्हतं. हे वाक्य मी कुठून सुरू करू?

शकुबाई : तू इकडं वाक्य जुळव, तिकडं पोरगी वाफ घेऊ दे! लाव!

(हरीश फोन लावतो. शकुबाई त्याला फोनचा स्पीकर सुरू करायला लावते.)

जाई : नमस्कार, अभ्यासिका.

हरीश : मी... मी गोरेगावहून बोलतोय.

जाई : नवीन प्रवेश बंद आहेत. पुढच्या महिन्यात विचारा.

हरीश : प्रवेश नको. माझी जागा आहे. एकेचाळीस नंबर.

जाई : मग? पंखा बंद आहे का? कालच सांगितलंय मी.

हरीश : पंखा नाही.

शकुबाई : आरं, बोल!

जाई : कोण आहे तिथे?

हरीश : माझी आई. बारा दिवसांपूर्वी तुमच्या खुर्चीवर एक पिशवी होती. जांभळ्या फुलांची. ती मी ठेवली होती.

शकुबाई : पोरी, ऐकतीस ना?

जाई : ऐकतेय.

हरीश : ती तापवू नका. कृपा करून. तिच्यात ज्वारीबरोबर पाऱ्याची गोळी गेलेली असू शकते. चूक माझी आहे, मी धान्य पाहिलं नाही. तापवली की त्याची वाफ होते. तुम्हाला खोकला येतो का? डोकं दुखतं का?

जाई : थांबा. ती माझ्याकडे नाही.

हरीश : म्हणजे?

जाई : मी ती घरी नेलीच नाही. नाव नाही, गाव नाही, आणि वर लिहिलेलं की माझी पाठ दुखते. एका मुलीला असं वाचून काय वाटतं, कळतं का तुम्हाला? चार दिवस जिना उतरताना मी मागे वळून पाहत होते. ऐंशी जण येतात इथे. मी ऐंशी जणांच्या तोंडाकडे पाहत होते.

हरीश : माझ्या मनात तसं काही...

जाई : तुमच्या मनात काय होतं ते आत्ता राहू द्या. पिशवी मी कोंडीबांना दिली.

शकुबाई : कोंडीबा कोन?

हरीश : इमारतीचे राखणदार. म्हातारे आहेत. जिन्याखालच्या खोलीत राहतात. त्या खोलीला खिडकी नाही, आई.

जाई : गुडघ्यांमुळे त्यांना रात्रभर झोप नसते. मला वाटलं, वस्तू चांगली आहे, वाया कशाला घालवा. खानावळीतल्या मायक्रोवेव्हचं बटण मीच दाखवलं त्यांना. तुमच्या चिठ्ठीतलं वाचून. दीड मिनिट.

शकुबाई : बाई, त्यांना खोकला हाय का?

जाई : आहे. थंडी आहे, सगळ्यांनाच आहे.

शकुबाई : कधीपासून?

जाई : मला... आठवडा झाला असेल. मी खाली जातेय. फोन ठेवू नका.

शकुबाई : पळ गं माय, पळ. किती पायऱ्या हायत तितं?

हरीश : बावीस.

शकुबाई : तुला काय ठाऊक?

हरीश : रोज मोजतो. वर जाताना तिच्या टेबलापाशी काय बोलायचं ते ठरवत मोजतो.

शकुबाई : एक वर्स सात महिने बावीस पायऱ्या मोजल्या, आन एक नाव लिवता आलं न्हाई चिठ्ठीवर.

हरीश : आई, आत्ता नको.

शकुबाई : आत्ताच. नाव असतं तर पोरीनं तोंडावर फेकली असती ती पिशवी. तुझ्या तोंडावर. त्या म्हाताऱ्याच्या खोलीत गेली नसती.

जाई : हॅलो? दाराला कुलूप आहे. बाहेरून. ते आत नाहीत.

हरीश : मागच्या बाजूला पाहा. सायकली लावतात तिथे. दुपारी ते तिथे बसतात.

जाई : बघते. आहेत. उन्हात बसलेत. कोंडीबा! अहो, ती पिशवी कुठे आहे? मी दिलेली... काय? मोठ्यानं बोला ना.

शकुबाई : काय म्हनून राहिले?

जाई : वर बोट दाखवतायत. सायकलींच्या पत्र्यावर आहे.

हरीश : पत्र्यावर?

जाई : एक मिनिट, विचारते. कोंडीबा, तापवत होतात ना तुम्ही? मशीनमध्ये? बरं... बरं. हॅलो, ते म्हणतात पहिल्या दिवशी एकदा टाकली होती. ती आत गोल फिरायला लागली आणि त्यांना काही ते बघवेना. त्यानंतर मशीनला हात लावला नाही. रोज सकाळी पत्र्यावर टाकतात, ऊन कलायच्या आधी काढतात. म्हणतात, गुडघ्याला ऊन चालतं.

शकुबाई : देवा नागनाथा.

हरीश : एकदा तापवली होती ना पण. आणि मग त्या खोलीत नेली?

जाई : हो. दार लावून झोपले होते.

हरीश : तुम्ही पिशवी खोलीत नेऊ नका. तिथेच, मोकळ्यावर, कागद अंथरा. वाऱ्याला पाठ करा. गोळी दिसली तर बोटांनी उचलू नका.

शकुबाई : आन सगळी शिवण फाडू नको. एका टोकाला हातशिलाई हाय, तिथून ज्वारी भरलेली असती. तिथंच काप.

जाई : सापडली. निळा दोरा. टाके वाकडे आहेत.

शकुबाई : तेच. ह्यानंच घातलेत.

जाई : पहिला कप्पा. ज्वारीच आहे. दुसरा... यातही ज्वारी. कोंडीबा, तुम्ही लांब बसा हो, सांगते नंतर. तिसरा.

हरीश : जाई?

जाई : आहे.

शकुबाई : काय हाय?

जाई : गोळी. करडी. एका बाजूनं थोडी दबली आहे, पण फुटलेली नाही.

हरीश : कागदाची घडी करून ती काचेच्या बरणीत टाका, झाकण घट्ट लावा आणि सावलीत ठेवा. ज्वारी कोंबड्यांना, पाखरांना पडू देऊ नका. तीही गुंडाळून ठेवा. मी येऊन घेऊन जाईन.

जाई : कोंडीबांना मी आत्ता रिक्षानं डॉक्टरकडे नेते. खोकला याचाच आहे की थंडीचा, ते तेच सांगतील. दोन-तीन दिवस ते आमच्या वाचनखोलीत झोपतील, खिडक्या आहेत तिथे.

हरीश : औषधाचं सगळं मी...

जाई : ते नंतर. हे बघा, ते मला विचारतायत, पोरी, झालं तरी काय. मी काय सांगू त्यांना? एका माणसानं माझ्यासाठी ठेवलेली वस्तू मी भीतीपोटी तुम्हाला दिली, हे सांगू?

हरीश : नाही. चूक माझी आहे.

जाई : मग मी सांगणार नाही. उद्या तुम्ही या. त्यांच्यासमोर बसा आणि सांगा. त्यांना आधी. मग मला.

हरीश : येतो.

जाई : फोनवर सगळेच येतो म्हणतात. नाव काय तुमचं?

हरीश : हरीश.

जाई : वहीत सही इतकी बारीक करता की ते कधी वाचताच आलं नाही. ठेवते. रिक्षा आली.

शकुबाई : ठेवला?

हरीश : ठेवला.

शकुबाई : पानी पी. घामानं सदरा वला झाला तुझा, एवढ्या थंडीत.

हरीश : त्या माणसानं उन्हावर विश्वास ठेवला म्हणून तो वाचला, आई. माझ्या चिठ्ठीवर ठेवला असता तर?

शकुबाई : डॉक्टर काय म्हनतो ते ऐकल्याबगर वाचला म्हनू नको. आन पंचवीस पिशव्या भर त्या पोत्यात, जीप येईल. मॅडमला कळव, पाच उद्या येतील. माझ्या हातानं कोनाचं वाईट झालं न्हाई, एवढं तरी कळलं मला.

हरीश : पाचही मी शिवून देतो. रात्री बसतो.

शकुबाई : तुझ्या हातचे टाके नको मॅडमला. तू सूप घे आन ही ज्वारी पाखड. बाप उठू दे, शेजार उठू दे. मोठ्यानं पाखड.

हरीश : आई, तू माझ्यावर रागावली आहेस.

शकुबाई : व्हय. पाच पिशव्यांएवढी. उतरंल.

हरीश : तीही रागात होती.

शकुबाई : ऐकलं म्या. तिचा राग बराबर हाय. आन तरी ये म्हनली ना?

हरीश : रागानंच म्हणाली.

शकुबाई : मंग रागानं म्हनली तरी जायचं.

हरीश : जाईन. दहाच्या जीपनं निघतो, म्हणजे तोवर काय बोलायचं ते नीट...

शकुबाई : दहाच्या न्हाई. सातच्या पयल्या जीपनं जायचं. दहाची भरायला लई वेळ लागतो, आन तू तेवढ्यात घरी माघारी येशील.